पर्याय झाकून वाचलेले उतारे: सूचौमधल्या प्रकल्प नोंदी

३ ऑक्टोबर २०२४, गुरुवार

चीनच्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी, पण काओसानच्या मुलांना जेमतेम तीन दिवस. काओसान म्हणजे आपली बारावी. समोरच्या फ्लॅटमधली मुलगी आज दुपारी दोन ते पाच माझ्याकडे बसली. तिच्या आईशी, म्हणजे ताईशी, साधा व्यवहार ठरलाय: मी मुलीचं इंग्रजी वाचन बघायचं, ताईने माझं चिनी. पैशांचा संबंध नाही. माझा व्हिसा नवऱ्यावर अवलंबून, नोकरी करायची परवानगी नाही आणि मला ती नकोही आहे. सोलापुरात अकरावी-बारावीला आठ वर्षं इंग्रजी शिकवलं, ते हातातून सुटू नये एवढीच इच्छा.

मुलगी मला 'आयी' म्हणते. चिनीत त्याचा अर्थ मावशी. पहिल्यांदा दारातून हाक आली तेव्हा मी क्षणभर गोंधळले होते.

पेपर समजून घेतला. गाओखाओ म्हणजे काओसाननंतरची विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा. तिचा इंग्रजीचा पेपर १५० गुणांचा, दोन तासांचा, ८ जूनला दुपारी तीन ते पाच. सूचौ ज्यात येतं त्या च्यांगसू प्रांतात राष्ट्रीय पेपर एक चालतो. आधी श्रवण ३० गुणांचं. मग वाचन ५० गुणांचं: ए, बी, सी, डी असे चार उतारे, त्यांवर १५ प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण; आणि 'छी श्वान वू', म्हणजे सात वाक्यांतून पाच निवडून गाळलेल्या जागी बसवायची, त्याचे साडेबारा. पुढे भाषावापर ३०, लेखन ४०. म्हणजे एक गोल चुकीचा रंगवला की अडीच गुण गेले. आपल्याकडे बारावीला उताऱ्याखाली वाक्यात उत्तर लिहावं लागतं, अर्धवट कळलेल्यालाही अर्धा गुण मिळतो. इथे मधलं काही नाही.

सप्टेंबरच्या मासिक परीक्षेत तिचे १५ पैकी ५ चुकले. तिचं म्हणणं, "शब्द येत नाहीत." दप्तरात ३५०० शब्दांचं जाडजूड पुस्तक आहे, 'अबॅन्डन'पासून सुरू होणारं. पहिली वीस पानं बोटं लागून काळी पडलीत, शेवटची कोरी.

१३ ऑक्टोबर, रविवार

शब्द येत नाहीत हे खरं नाही. चुकलेल्या दोन उताऱ्यांतले चाळीस शब्द वेगळे काढून विचारले. छत्तीस आले. मग एक वाक्य मी स्वतः लिहून दिलं: 'द मेथड द फार्मर्स ब्रॉट विथ देम फ्रॉम द नॉर्थ फेल्ड.' एकही अवघड शब्द नाही. तिने पेन्सिलीने प्रत्येक शब्दाखाली चिनी अर्थ लिहिला, तोही बरोबर, आणि मग म्हणाली, "शेतकरी उत्तरेत अयशस्वी झाले."

मी तिची पेन्सिल घेतली आणि मराठीत लिहिलं: 'शेतकऱ्यांनी उत्तरेकडून सोबत आणलेली पद्धत फसली.' तिला अर्थातच वाचता येईना. एकेक शब्दावर बोट ठेवून चिनी सांगितलं. तिने तेच वाक्य चिनीत म्हणून पाहिलं आणि थांबली, कारण क्रम जवळजवळ जुळत होता. 'मी काल विकत घेतलेलं पुस्तक' हे चिनीत 'वो त्स्वोथ्येन माइ त शू'. पुस्तक शेवटी, त्याचं सगळं वर्णन आधी. मराठी आणि चिनी दोघींनाही नामाचं ओझं नामाच्या पुढ्यात ठेवायची सवय. इंग्रजी तेच ओझं नामाच्या मागे बांधते आणि खरं क्रियापद लांब कुठेतरी जाऊन बसतं. तिचं मन वाटेत भेटेल त्या पहिल्या क्रियापदाला कर्त्याशी जोडून मोकळं होतं.

मला हे लगेच दिसलं, कारण सोलापुरात माझी मुलंही नेमकी इथेच अडकायची. तेव्हा मी त्यांना व्याकरणाची नावं पाठ करायला लावत होते. आज नावं नाहीत. फक्त दोन खुणा: कोणाबद्दल बोलणं चाललंय त्याभोवती चौकोन, त्याने शेवटी काय केलं त्याखाली दोन रेघा. मधलं सगळं कंसात. वीस वाक्यं केली. पहिल्या दहात सहा चुकली, दुसऱ्या दहात दोन.

२७ ऑक्टोबर, रविवार

२०२३ च्या पेपरातला बी उतारा. जॉन टॉड यांच्याबद्दल, सांडपाणी वनस्पती आणि जिवांच्या मदतीने स्वच्छ करणारे. तिने हा शाळेत सोडवलाय, उत्तरं पाठ आहेत. म्हणूनच घेतला. मला उत्तर नको होतं, कारण हवं होतं.

उताऱ्यात एके ठिकाणी फूचौ शहराचा उल्लेख येतो आणि प्रश्न असा की लेखकाने तो का केला. बरोबर उत्तर: टॉड यांची कल्पना प्रत्यक्षात वापरल्याचं उदाहरण म्हणून. "हे का बरोबर?" म्हटल्यावर ती गप्प. मग हळूच म्हणाली की पहिल्या वेळी तिचं चुकलं होतं. फूचौ दिसल्यावर तिला वाटलं, आता चीनबद्दल काहीतरी महत्त्वाचं येणार. तिची आत्या फूचौला असते. उतारा बाजूला राहिला आणि आत्याचं घर पुढे आलं.

आजपासून नियम: पर्याय झाकायचे. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा कापून दिलाय. प्रश्न वाचायचा, उत्तर आपल्या शब्दांत एका ओळीत वहीत लिहायचं, चिनीत चालेल, आणि शेजारी उताऱ्यातल्या कुठल्या ओळीत त्याचा आधार आहे तो ओळक्रमांक. मगच पुठ्ठा उचलायचा. चार पर्याय एकदा डोळ्यांत शिरले की मूल उतारा वाचत नाही, पर्यायांना पटवून देणारं काहीतरी शोधत बसतं.

१० नोव्हेंबर, रविवार

सहामाही. बसलो नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज एकाच शब्दावर पाऊण तास गेला, आणि तो वाया गेला नाही.

२०२३ चाच डी उतारा. सुरुवात ७ मार्च १९०७ ला इंग्रज संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी प्रसिद्ध केलेल्या लेखापासून: पुष्कळ लोकांच्या अंदाजांची सरासरी खऱ्या आकड्याच्या आश्चर्यकारक जवळ जाते. मग नंतरचे प्रयोग, ज्यांत लोकांना छोट्या गटांत आधी चर्चा करू दिली. शेवटचा प्रश्न: या प्रयोगांकडे लेखक कोणत्या नजरेने बघतो? उत्तर: अनुकूल. ती पहिल्यांदा 'साशंक' लिहून आली होती आणि आज पर्याय झाकूनही तिने तेच लिहिलं. म्हणजे घोळ पर्यायांत नाही, वाचण्यात आहे. आधार म्हणून शेवटचं वाक्य दाखवलं. ते 'ऑल्दो'ने सुरू होतं: या अभ्यासांना मर्यादा आहेत, पुष्कळ प्रश्न बाकी आहेत, आणि मग मुख्य वाक्य, की त्यांचे संभाव्य परिणाम फार मोठे आहेत.

तिला मर्यादा दिसल्या, पुढचं वजन दिसलं नाही. का? चिनीत हे जोडीने येतं: 'स्वेइरान' म्हटलं की पुढे 'तानशी' यायचंच. आपल्याकडे 'जरी' म्हटलं की 'तरी'. ऐकणारा 'तरी'ची वाट बघतो, कारण खरं म्हणणं त्याच्यामागून येणार हे त्याला माहीत असतं. इंग्रजीत 'ऑल्दो' आलं की 'बट' येत नाही, वळणावर पाटीच नाही. ती 'बट' शोधत राहिली, सापडला नाही, म्हणून वाक्याचं तोंड मर्यादांकडेच आहे असं धरून चालली.

उपाय म्हणून सध्या 'ऑल्दो', 'व्हाइल', 'डिस्पाइट' दिसलं की स्वल्पविरामाच्या जागी पेन्सिलीने चिनी 'तानशी' लिहायचं. शाळेच्या दृष्टीने हे चुकीचं, कारण तिथे 'ऑल्दो'सोबत 'बट' लिहिलं की गुण कापतात. लिहिताना नाहीच लिहायचं, बजावून सांगितलंय. वाचताना मात्र लागेल तितके दिवस लिहू दे.

२४ नोव्हेंबर, रविवार

तिच्या वर्गातला एक मुलगा आजपासून येतोय. भराभर वाचतो, भराभर चुकतो.

दोघांनी चुकांची वही काढली. चुकीचे पर्याय कसे बनतात याची नावं त्यांना शाळेतून माहीत आहेत, चार-चार अक्षरी म्हणी. 'वू चुंग शंग योउ': काही नव्हतं त्यातून काहीतरी निघालं, म्हणजे उताऱ्यात नसलेली गोष्ट. आणि 'चांग क्वान ली ताइ'. मुलाने समजावलं: चांग आडनावाच्या माणसाची टोपी ली आडनावाच्या डोक्यावर. मी खुर्चीतून उठलेच. याची टोपी त्याच्या डोक्यावर! आमच्या घरात आजीच्या तोंडी असलेली म्हण इथे परीक्षेतल्या सापळ्याचं नाव म्हणून चालते. त्यांना मराठीत म्हणून दाखवली, मुलाने वहीवर देवनागरीत काढून घेतली, अक्षरं चित्रासारखी गिरवून.

तेव्हापासून आमचं हे नाव ठरलं: टोपी. उताऱ्यात दोन माणसं, दोन संस्था किंवा दोन प्रयोग असले की पर्यायांत एक टोपी असतेच, हे मुलांनी आज तीन उताऱ्यांत स्वतः शोधून दाखवलं.

८ डिसेंबर, रविवार

उद्या डॉ. कोटणीसांची पुण्यतिथी. गेला आठवडा मी त्यांच्यावर बी प्रकारचा उतारा लिहित होते, कथनाचा, इंग्रजीत ३२० शब्द. सोलापूर माझं माहेर, तिथे त्यांच्या घराचं स्मारक झालंय, आणि या मुलांना भारतातल्या ज्या एका डॉक्टरचं नाव घरात कुणीतरी सांगू शकेल ते हेच.

मजकूर साधा ठेवला. द्वारकानाथ कोटणीस, जन्म १९१० सोलापूर, मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास महाविद्यालयात वैद्यकीय शिक्षण, १९३८ ला पाच डॉक्टरांच्या भारतीय पथकातून चीनला. १९४१ मध्ये नॉर्मन बेथ्यून या कॅनेडियन डॉक्टरांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख. क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न, एक मुलगा. ९ डिसेंबर १९४२ ला मृत्यू, वय ३२.

उतारा लिहायला दोन संध्याकाळी लागल्या, चार प्रश्न लिहायला चार. बरोबर पर्याय लगेच सुचतो. चुकीचे तीन असे हवेत की न वाचणारा त्यांत अडकेल आणि वाचणारा एका ओळीच्या आधाराने बाहेर पडेल. एकासाठी मी लिहिलं: 'बेथ्यून यांनी कोटणीसांना रुग्णालयात बोलावून घेतलं.' उताऱ्यातच लिहिलंय की बेथ्यून नोव्हेंबर १९३९ मध्ये गेले आणि कोटणीस प्रमुख झाले १९४१ ला. दोन तारखांमध्ये दोन परिच्छेदांचं अंतर ठेवलं.

मुलाने डोळे झाकून तोच पर्याय घेतला. बेथ्यून, म्हणजे त्यांचे पाइ छ्यूअन, इथल्या प्रत्येक मुलाला शाळेपासून ठाऊक. इंग्रजी नाव ओळखता आल्याचा आनंद झाला आणि पुढे वाचायचं राहिलं. फूचौचीच गोष्ट पुन्हा. माहितीचा विषय आला की ही मुलं जास्त चुकतात, कमी नाही. हे मी वहीत लाल शाईने लिहिलंय. सोलापुरात नेहमी उलटं मानत आले होते, ओळखीचा विषय द्या म्हणजे सोपं जाईल.

मुलीने पुठ्ठा वापरला होता. तिच्या वहीत आधीच लिहिलेलं: 'बेथ्यून तेव्हा हयात नव्हते. ओळ ६ आणि ओळ १९.' दोन ओळी! एका ओळीचा आधार पुरत नाही हे तिला सांगावं लागलं नाही.

संध्याकाळी तिचे आजोबा दार वाजवून आले. नात म्हणाली म्हणून उताऱ्याचा कागद बघायला. इंग्रजी येत नाही त्यांना. कागदावर मी कोपऱ्यात चिनी नाव लिहिलं होतं, ख ती ह्वा. त्यावर बोट ठेवून म्हणाले, "तुमच्या गावचे?" मी हो म्हटलं. ते बराच वेळ कागद हातात धरून उभे होते.

१५ डिसेंबर, रविवार

काम उलटवलं. उतारा मी दिला, प्रश्न त्यांनी लिहायचे, एकमेकांसाठी. एक बरोबर पर्याय, तीन सापळे, आणि प्रत्येक सापळ्याचं नाव मागच्या बाजूला.

पहिले सापळे बाळबोध होते, उताऱ्याच्या जवळपासही नसलेले. तासाभराने मुलीने एक लिहिला तो मी जपून ठेवलाय. उताऱ्यात होतं: काही शहरांतल्या पक्ष्यांचा आवाज गोंगाटामुळे बदललाय. तिचा पर्याय: शहरांतल्या पक्ष्यांचा आवाज बदललाय. फक्त 'काही' काढून टाकलं. मुलगा फसला, चिडला, उतारा परत वाचला, आणि मग त्याने 'सम', 'मोस्ट', 'मे', 'ओन्ली' असल्या सगळ्या शब्दांभोवती गोल केले. इतके दिवस मी सांगत होते, तेव्हा केले नव्हते.

५ जानेवारी २०२५, रविवार

छी श्वान वू. कागदावर करायचा कंटाळा आलेला, म्हणून सातही वाक्यांच्या पट्ट्या कापल्या आणि जेवणाच्या टेबलावर उतारा मोठ्या अक्षरांत पसरला. मुलीने एक पट्टी उचलून दुसऱ्या जागेवर धरली, ओठ हलवत मागचं वाक्य वाचलं, पट्टीतल्या 'दे' वर नख टेकवलं आणि विचारलं, "दे म्हणजे कोण? मागे तर एकच माणूस आहे." पट्टी काढून घेतली. तीन जागा अशा नुसत्या सर्वनामांवर सुटल्या, एक 'फॉर एक्झाम्पल'वर. पाचवी शीर्षकाची होती, तिला अंदाजावर सोडलं.

१९ जानेवारी, रविवार

ताई काळजीत आहे आणि तिची काळजी रास्त आहे. सत्राच्या परीक्षेत मुलीचे वाचनाचे प्रश्न दोनच चुकले, पण त्यात पन्नास मिनिटं गेली आणि शेवटचं लेखन अर्धं राहिलं. तिथे उताऱ्याचा शेवट लिहून पूर्ण करायचा असतो, १५० शब्द, २५ गुण. वाचनात जे कमावलं ते तिकडे गेलं, वर थोडे जास्तच.

चूक माझी. डिसेंबरभर मी घड्याळ लावलं नाही. ओळक्रमांक लिहिणं, पुठ्ठा, चौकोन, रेघा हे शिकायच्या दिवसांसाठी होतं, ते परीक्षेच्या खोलीत न्यायचं नाही हे मी स्पष्ट सांगायला हवं होतं. ताईला मी तसंच सांगितलं. ती म्हणाली, "वसंतोत्सवानंतर घड्याळ लावा, आता दहा दिवस तिला झोपू दे." वसंतोत्सव म्हणजे इथलं नववर्ष.

नवीन वाटणी लिहून दिली: ए चार मिनिटं, बी सहा, सी आठ, डी नऊ, छी श्वान वू सात. एकूण चौतीस. पुठ्ठा फक्त डी ला.

१६ फेब्रुवारी, रविवार

पहिल्यांदा घड्याळावर. एकेचाळीस मिनिटं.

२०२४ चा सी उतारा, कागदावर वाचलेलं आणि पडद्यावर वाचलेलं सारखंच समजतं का, यावर. त्यातलं 'शाइन थ्रू' दोघांनी 'चमकणं' या अर्थाला चिकटून वाचलं. वाक्य असं की साध्या प्रश्नांकडून अमूर्त विचार लागणाऱ्या प्रश्नांकडे गेलं की कागदाचे फायदे 'शाइन थ्रू' होतात. म्हणजे ठळकपणे दिसू लागतात. मी म्हटलं, शब्द झाकून तिथे चिनीत काय टाकाल ते सांगा. लगेच सांगितलं, तेही अचूक. शब्दाचा पाठ अर्थ समोरून हटला की रिकाम्या जागेचा अर्थ त्यांना येतो.

मुलाने विचारलं, मग शाळा आम्हाला टॅबवर उतारे का देते? उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी तरी त्यांना कागदच देणार.

२३ मार्च, रविवार

चौतीस मिनिटांत बसतंय. मुलीचे दोन चुकतात, कधी एक. मुलाचे तीन, पण आता कोणते चुकलेत हे निकालाआधीच सांगतो, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतो. डी मध्ये सबंध उताऱ्याचं शीर्षक विचारलं की दोघेही अजून अडखळतात. लांब शीर्षक भारदस्त वाटतं म्हणून घेतात. पुढचे चार रविवार फक्त शीर्षकं: उतारा वाचून आपलं शीर्षक आधी, सहा शब्दांत.

अभ्यासक्रमाच्या दस्तऐवजात या टप्प्यावर आठवड्याला किमान २५०० शब्दांचं अवांतर वाचन सांगितलंय. दोघांना विचारलं, परीक्षेबाहेरचं शेवटचं इंग्रजी कधी वाचलं? मुलीने आठवायचा प्रयत्न केला आणि कोटणीसांचा उतारा म्हणाली. तोही परीक्षेसारखाच होता. म्हणून आजपासून सत्र संपल्यावर दहा मिनिटं प्रश्नांविना वाचन, मोठ्याने, आळीपाळीने. मुलाचा आवाज छान आहे, हे मला चार महिन्यांनी कळलं.

२० एप्रिल, रविवार

शीर्षकांत सुधारणा. मुलीचं आजचं सहा शब्दांचं शीर्षक छापील बरोबर पर्यायापेक्षा चांगलं होतं, आणि मी तिला तसं सांगितलं.

१ जून, रविवार

काल ड्रॅगन बोटींचा सण झाला. ताईने त्सुंगत्स आणून दिले, बांबूच्या पानात बांधलेला चिकट भात, आत खजूर. गाओखाओच्या घरात हे मुद्दाम खाऊ घालतात, उच्चार उत्तीर्ण होण्याच्या शब्दाशी जुळतो म्हणून. ताईने परीक्षेच्या दिवसांसाठी लाल छीपाओ, म्हणजे अंगाबरोबर बसणारा चिनी झगा, शिवायला टाकलाय, तोही अशाच एका शब्दासाठी.

नवीन उतारा नाही. टू-बी पेन्सिली दोन, खोडरबर, प्रवेशपत्र पारदर्शक पिशवीत, हे पाहून घेतलं. मग तासभर जुनी चुकांची वही. मुलगी नोव्हेंबरच्या पानावर थांबली, 'ऑल्दो'च्या पानावर, आणि स्वल्पविरामाखालचं स्वतःचं 'तानशी' खोडरबरने पुसलं. "आता लागत नाही," म्हणाली.

दहा मिनिटांचं मोठ्याने वाचन आज मुलाची पाळी होती. कोटणीसांचा उतारा मागितला. आजोबा दारात येऊन उभे राहिले, त्यांना खुर्ची दिली, आणि मुलाने पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.